प्रोटिएज आणि पेशीतलं कोलेस्टेरॉल : या चुका टाळा

‘कोलेस्टेरॉल वाढलं की प्रोटिएज (प्रथिन कापणारं एन्झाइम) बंद पडतं.’ कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांना हा भाग शिकवताना त्यांच्या वह्यांत हे वाक्य हमखास सापडतं, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

साइट-१ प्रोटिएज पेशीतल्या गॉल्जी या भागात असतं, कापायला तयार. ज्याला कापायचं ते एसआरईबीपी-२, म्हणजे कोलेस्टेरॉलची जनुकं चालू करणारं प्रथिन, मात्र एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या दुसऱ्या भागाच्या पटलात, स्कॅप या प्रथिनाला जोडलेलं. पटलात कोलेस्टेरॉल पुरेसं असलं की ते स्कॅपला चिकटतं, स्कॅपला इन्सिग हे दुसरं प्रथिन धरून ठेवतं आणि जोडी हलत नाही. कोलेस्टेरॉल घटलं की स्कॅप सुटतं आणि एसआरईबीपी-२ ला गॉल्जीत नेतं. तिथे साइट-१ पहिला काप देतं, साइट-२ हे दुसरं प्रोटिएज पटलाच्या आतच दुसरा. सुटा तुकडा केंद्रकात जाऊन एलडीएल रिसेप्टरची (रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण, पेशीत ओढणारं प्रथिन) आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं चालू करतो. म्हणजे नियंत्रण प्रोटिएजवर नाही, एसआरईबीपी-२ च्या प्रवासावर आहे. १९९९ मध्ये याचा सुरेख पुरावा मिळाला: ब्रेफेल्डिन-ए हे रसायन देऊन गॉल्जीतली एन्झाइमं रेटिक्युलममध्ये परत आणली, तर भरपूर स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याच्यासारखी द्रव्यं) असतानाही एसआरईबीपी कापलं गेलं. परीक्षेत हा एक प्रयोग नीट लिहिलात तरी विषय समजल्याचं दिसतं.

‘प्रोटिएज सक्रिय होणं’ ही वेगळी पायरी आहे, ती यात मिसळू नका. साइट-१ आधी निष्क्रिय रूपात तयार होतं आणि स्वतःलाच कापून सक्रिय होतं.

पीसीएसके-९ या प्रथिनाच्या नावातही प्रोटिएज आहे, म्हणून ते एलडीएल रिसेप्टर कापतं असं लिहू नका. ते फक्त स्वतःला कापतं. रिसेप्टरला चिकटून त्याला लायसोसोमकडे (पेशीतल्या पचन-पिशवीकडे), नाशाकडे पाठवतं.

प्रयोगशाळेत वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन पट्टीरूपात दाखवणाऱ्या चाचणीत) एसआरईबीपी-२ च्या कापलेल्या तुकड्याची पट्टी दिसली नाही, तर लगेच ‘प्रोटिएज काम करत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. आधी अँटिबॉडी बघा: सुटा तुकडा एन-टोकाचा असतो, सी-टोकाची अँटिबॉडी तो दाखवणारच नाही. पूर्ण प्रथिन सुमारे १२५ केडीए (किलोडाल्टन, प्रथिनाच्या वजनाचं माप), तुकडा ६८ च्या आसपास. मग माध्यम बघा. नेहमीच्या सीरममध्ये एलडीएल असतं, त्यामुळे पेशी कोलेस्टेरॉलने तृप्तच राहतात आणि काप होत नाही. लिपोप्रोटीन काढलेलं सीरम वापरा. तरीही पट्टी नसेल, तर केंद्रकातला तुकडा प्रोटिएसोममध्ये (पेशीच्या प्रथिन मोडणाऱ्या यंत्रणेत) झपाट्याने नष्ट होतो हे लक्षात घ्या आणि पेशी गोळा करण्याआधी थोडा वेळ एएलएलएन (हा नाश रोखणारं रसायन) द्या.

रविवारच्या मटणाचा प्रश्न वर्गात निघतोच. आहारातलं कोलेस्टेरॉल यकृताच्या पेशीत पोचलं की एसआरईबीपी-२ जागेवर अडतं, रिसेप्टर कमी बनतात आणि एलडीएल रक्तात रेंगाळतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, याच्या उलट करतं: पेशीतली निर्मिती अडवून तिला टंचाई भासवतं, मग रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढलं जातं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की घरातल्या मोठ्यांनी गोळी आपल्या मनाने सोडू नये. गोळी थांबली की टंचाई संपते, रिसेप्टर घटतात आणि एलडीएल पुन्हा चढतं.