टोकियो डोमला जाताय? या चुका टाळा

जपानमध्ये एखादी जागा किती मोठी आहे ते सांगताना 'यात इतके टोकियो डोम मावतील' असं म्हणायची पद्धत आहे. टोकियो डोम हे छत असलेलं बेसबॉलचं मैदान. एक डोम म्हणजे 46,755 चौरस मीटर, एकरात सांगायचं तर साडेअकरा. बेसबॉलला इथे 40,000 च्या वर माणसं बसतात, कॉन्सर्टला 55,000 पर्यंत. एवढी गर्दी फारशी रेटारेटी न होता आत जाते, कारण कोणी कुठून यायचं, कुठे बसायचं आणि कधी निघायचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याचीच फक्त पंचाईत होते.

तारीख न बघता बेत आखणं

डोम हे योमिउरी जायंट्स या बेसबॉल संघाचं घरचं मैदान. त्यांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ वर्षाला 143 सामने खेळतो, म्हणजे घरचे साधारण सत्तर, आणि त्यातलेही काही दुसऱ्या गावी होतात. हंगाम मार्चअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. सोमवार बहुधा सुट्टीचा. डिसेंबरात टोकियोला जाऊन जायंट्सचा सामना बघता येणार नाही, कॉन्सर्ट मात्र मिळेल. शहरातला दुसरा संघ, याकुल्ट स्वालोज, उघड्या जिंगू मैदानावर खेळतो. तिथे पावसाने सामना रद्द होतो, डोममध्ये ती चिंता नाही.

कॉन्सर्टचं तिकीट ऐनवेळी शोधणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मोठ्या कलाकारांची तिकिटं तिथे बहुतेक वेळा सोडतीने देतात. आधी फॅन क्लबच्या सभासदांची सोडत, मग इतरांची. नोंदणी करताना अनेकदा जपानी मोबाइल नंबर लागतो, आणि प्रवेशाच्या वेळी ओळखपत्र तपासलं जाऊ शकतं. अशा वेळी समाजमाध्यमांवर 'एक तिकीट आहे, दुप्पट दर' सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याच्या नादी लागू नका. ज्या तिकिटांवर फेरविक्रीला मनाई आहे, ती धंदा म्हणून मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकणं जून 2019 पासून जपानमध्ये गुन्हा आहे. शिवाय तिकिटावर दुसऱ्याचं नाव असेल तर दारातूनच परत पाठवतात. तिकीट खरंच हवं असेल तर आयोजकांनी नेमलेल्या अधिकृत पुनर्विक्रीची वाट बघा. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी तिथे तिकिटं सुटतात.

बेसबॉलचं काम सोपं आहे. जायंट्सची तिकिटं इंग्रजीतूनही ऑनलाइन मिळतात. मात्र कुठली जागा घेताय ते नीट बघा. जायंट्सचे खेळाडू पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे फलंदाजाकडून बघितलं तर उजवीकडे बसतात, पाहुण्या संघाचे तिसऱ्या बेसच्या बाजूला, डावीकडे. उजवीकडचं आउटफिल्ड, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकामागची जागा, जायंट्सच्या पाठीराख्यांची, डावीकडची पाहुण्यांची. हान्शिन टायगर्स या पाहुण्या संघाची पिवळी जर्सी घालून उजवीकडच्या घोषणागटात बसलात तर कर्मचारी येऊन जर्सी काढायला सांगतील. तिथला रिवाजही आपल्यापेक्षा वेगळा आहे. आपला संघ फलंदाजी करत असेल तेव्हाच गायचं, ढोल-ट्रम्पेटही तेव्हाच. समोरच्यांची पाळी आली की गप्प बसायचं. आपल्याकडे गोलंदाज धावत येत असताना जो गलका होतो, तो तिथे केलात तर आजूबाजूचे वळून बघतील. मला तर तो आळीपाळीचा प्रकार क्रिकेटच्या भोंग्यांपेक्षा जास्त रंगतदार वाटतो.

मैदानाला चिकटून असलेल्या 'एक्साइट सीट'ला समोर जाळी नसते. तिथे हेल्मेट आणि ग्लव्ह देतात, ते शोभेसाठी नाहीत. तिथे बसून फोनमध्ये डोकं घालू नका.

नारंगी गाडीत बसणं

डोमचं स्टेशन सुइदोबाशी. चुओ रेल्वेमार्गाची नारंगी जलद गाडी तिथे थांबत नाही, पिवळी थांबते. टोकियो स्टेशनवरून येत असाल तर ओचानोमिझुला उतरून त्याच फलाटावर पलीकडे पिवळी पकडा. उतरल्यावर पश्चिमेकडचं दार धरा. निशिकासाईच्या भारतीय वस्तीतून येणाऱ्यांनी तोझाई मेट्रोने इइदाबाशीला यावं, तिथून पिवळ्या गाडीने एकच स्टेशन.

सगळ्यांना 22 नंबरच्या गेटवर बोलावणं

इमारत गोल आहे, त्यामुळे चुकीच्या गेटवर पोहोचलात तर अर्धी प्रदक्षिणा ठरलेली. तिकिटावर आधी गेट, मग वाटेचा क्रमांक, मग रांग आणि शेवटी आसन असतं. त्याच क्रमाने शोधत जा. 22 नंबरच्या गेटसमोरच्या चौकात निम्मं शहर भेटायचं ठरवतं, म्हणून तुम्ही दुसरं काहीतरी ठरवा. लवकर पोहोचलात तर 21 नंबरच्या गेटजवळ बेसबॉलचं संग्रहालय आहे.

नोटा घेऊन आत जाणं

2022 पासून डोमच्या आतल्या दुकानांत रोख पैसे घेत नाहीत. कार्ड किंवा सुइकासारखं रेल्वेचं कार्ड चालतं. सुइकात स्टेशनवरच पैसे भरून घ्या, 20,000 येनपर्यंत भरता येतात. यूपीआयवर भिस्त ठेवू नका.

शाकाहारी मंडळींनी आणखी एक काळजी घ्यावी. तिथल्या उडोन, सोबासारख्या नूडल्सच्या रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो, वरून काही दिसत नसलं तरी. फ्रेंच फ्राइज आणि एदामामे (उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा) यांच्यावर तीन तास निघत नाहीत, तेव्हा पोटभर जेवूनच जा. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पेयं आत नेऊ देत नाहीत.

मैदानावरची जागा म्हणजे उत्तम जागा, असं समजणं

कॉन्सर्टला मैदानावर खुर्च्या मांडतात, त्याला 'अरीना' म्हणतात. नाव भारदस्त, पण जमीन सपाट. समोर उंच माणूस आला की रंगमंच गेलाच. मंचापासून मागे असाल तर पहिल्या मजल्याचा उतार बरा. दुसऱ्या मजल्यावर गायक मुगाच्या दाण्याएवढा दिसतो आणि आवाज छताला आपटून उशिरा येतो. दुर्बीण न्या. फोटो, चित्रीकरण बहुतेक कार्यक्रमांत बंद असतं, कर्मचारी फोनवर लक्ष ठेवून असतात.

दारात टोपी सांभाळली नाही तर

1988 साली उघडलेल्या या डोमचं पांढरं कापडी छत हवेच्या दाबावर तरंगतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 0.3 टक्का जास्त ठेवतात, आणि तो निसटू नये म्हणून फिरती दारं आहेत. गर्दी सोडायला साधी दारं उघडली की पाठीमागून वाऱ्याचा असा झोत येतो की टोप्या, पत्रकं, पातळ ओढण्या उडतात. दारातच थांबून सेल्फी काढू नका.

कॉन्सर्टनंतर एकेका विभागाला नाव पुकारून बाहेर सोडतात. पुकारा जपानीत असतो, तेव्हा आपला विभाग कोणता ते आधी टिपून ठेवा आणि शेजारचे उठले की उठा. मग सगळे सुइदोबाशीकडे वळतात. तुम्ही उलट बाजूला कासुगा किंवा कोराकुएन हे मेट्रो स्टेशन गाठा, नाहीतर चालत ओचानोमिझुला जा, पंधरा मिनिटांत पोहोचाल. तिकडच्या गाड्यांत उभं राहायला तरी जागा असते. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, आणि टॅक्सीचं भाडं तिकिटाच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतं.