लस टोचायला नेण्याआधी

सुया किती आणि कुठे, एवढं आधी विचारून ठेवा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. वर्षाच्या आतल्या बाळाला सहसा मांडीत टोचतात, मोठ्या मुलाला दंडावर. कपडे तसे घाला; घट्ट बाही सोडवतानाच निम्मी रडारड होते.

बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारूनच आणा. लिडोकेन-प्रिलोकेनच्या मलमाला १ तास लागतो, नुसत्या ४ टक्के लिडोकेनला साधारण अर्धा तास. ते टोचण्याच्या नेमक्या जागी जाडसर लावून झाकायचं असतं. दवाखान्यात पोचल्यावर लावलेलं वाया जातं. शिवाय बधिर होते ती कातडी. लस स्नायूत जाताना थोडी ठणक उरतेच.

पॅरासिटामॉल मात्र आधी पाजू नका. सुईचं दुखणं त्याने कमी होत नाही.

अंगावर पिणारं बाळ टोचण्याच्या थोडं आधी पाजायला घ्या आणि टोचताना, नंतरही पिऊ द्या. ते जमणार नसेल तर १ चमचा साखर २ चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून न्या. त्यातलं सुमारे २ मिली, सुईच्या १-२ मिनिटं आधी, जिभेवर थेंबथेंब. परिणाम काही मिनिटंच टिकतो, म्हणून घाई नको आणि उशीरही नको. वर्षाच्या आत मध अजिबात नाही. रोटाव्हायरसचे थेंब असतील तर ते आधी द्यायला सांगा. ते गोडच असतात. सर्वांत झोंबणारी लस शेवटी ठेवायला सांगा.

बाळाला टेबलावर आडवं दाबून धरू नका, त्याने भीती वाढते. मांडीवर उभं, छातीशी धरा. टोचायचा हात किंवा पाय तेवढा स्थिर हवा.

चार वर्षांखालच्या मुलाला त्याच दिवशी सांगा, मोठ्याला आदल्या दिवशी. ‘दुखणार नाही’ म्हणू नका. पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास राहत नाही. ‘थोडं टोचेल, तेव्हा जोरात फुंकर मार’ हे खरंही आहे आणि कामाचंही. तीन वर्षांपुढे फुंकर छान जमते, त्याहून लहानांसाठी बुडबुडे किंवा आवाज करणारं खेळणं. ते आधी दाखवून शिळं करू नका. ‘घाबरू नको’चा जप तर टाळाच, मूल त्यातून घाबरायचंच शिकतं.

किशोरवयीन मुलाला आधी कधी भोवळ आली असेल तर तसं सांगा. त्याला आडवं करून टोचता येतं. भोवळ येऊ नये म्हणून त्याने टोचायचा हात सैल सोडून पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. नंतर १५ मिनिटं तिथेच बसवा.