साक्षीदार की टेपरेकॉर्डर?

पहिली रहस्यकादंबरी लिहायला घेतली तेव्हा वाटलं होतं, जुनं प्रकरण निवडलं की काम सोपं. वीस वर्षांपूर्वीचा खून, बासनात गुंडाळलेली फाइल, निवृत्त अधिकाऱ्याच्या मनातला सल. धूळ झटकायची, की झालं! पहिला खर्डा वाचून मैत्रिणीने एवढंच विचारलं, "हे साक्षीदार आहेत की टेपरेकॉर्डर?"

खरंच होतं ते. माझ्या प्रत्येक पात्राला त्या संध्याकाळचा शर्टाचा रंगसुद्धा पाठ. मग तपास अडला होता कशावर, हे मलाच सांगता येईना.

तेव्हा आठवणींवर वाचायला लागलो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये छापलेला प्रयोग या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात काहींसाठी गाड्या नुसत्या 'धडकल्या', काहींसाठी 'जोरात आदळल्या'. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या'वाल्या ५० पैकी ७.

माझी कादंबरी या न फुटलेल्या काचेवर उभी राहिली. मूळ तपासात अधिकाऱ्याने एका पोराला विचारलेलं असतं, "तो पळाला तेव्हा हातात काय होतं?" पोरगा 'पळाला' म्हणालाच नव्हता. वीस वर्षांनी तोच शपथेवर सांगतो, माणूस पळत होता. आणि तो खोटं बोलत नसतो. अधिकाऱ्याला हे सापडतं ते स्वतःच्याच अक्षरात.

नवीन लिहिणाऱ्यांनी आधी एक वही घालावी. तीन रकाने: खरं काय घडलं, तेव्हाच्या जबाबात काय आलं, आज काय सांगितलं जातंय. रहस्य दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या फटीत असतं. माझ्याकडे आधी पहिलाच रकाना होता.

गुन्ह्याचं सालही आधीच ठरवा. डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये गवसली. प्रकरण त्याआधीचं असेल, तर जपून ठेवलेला मुद्देमाल आज का तपासत नाही, हे वाचक विचारणारच. ओल लागली, दहा हात लागले, काहीतरी पटेल असं कारण हवं.

आणि फ्लॅशबॅक जपून. निवेदकाने भूतकाळ डोळ्यांसमोर उभा केला की वाचक तो खरा धरतो. पुढे 'ती आठवण चुकीची होती' म्हटलंत तर फसवल्यासारखं वाटतं. आठवण पात्राच्या तोंडीच राहू द्या, अडखळत, अंदाजाने. (मी अशी चाळीस पानं फेकली. जीव तुटला.)

दुसरा खर्डा मैत्रिणीने वाचला, त्याला महिना झाल्यावर सहज विचारलं, "त्या पोराने पहिल्या जबाबात काय सांगितलं होतं गं?"

ती ठामपणे म्हणाली, "माणूस पळताना दिसला म्हणून."