रेझिनची मोडकी इमारत चिकटवताना या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरची रेझिनची, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या कडक प्लास्टिकची, स्टेशनं, चर्च, सिग्नल केबिन फुटली की माझ्याकडे येतात. पडून झालेलं नुकसान बहुतेक वेळा किरकोळच असतं. वाट लागलेली असते ती नंतर लावलेल्या गमाने.

पहिली चूक सुपरग्लू ओतण्याची. सुपरग्लू म्हणजे सायनोअक्रिलेट. ते ओलाव्याने घट्ट होतं आणि पातळ थरातच नीट धरतं. जाड थर आतून बराच वेळ ओला राहतो आणि वाफ सोडत बसतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी पावसाळ्यात 1:76 मापाचं (खऱ्याच्या शहात्तराव्या भागाइतकं) चर्च आणलं, मनोरा बुडाशी तुटलेला. त्यांनी सुपरग्लू लावला, लगेच हलवून पाहिला, सुटला. जुना थर न खरवडता त्यावरच पुन्हा लावला, मग आणखी एकदा, आणि शेवटी झाकण लावून खोक्यात ठेवून दिलं. सुपरग्लूची वाफ बंद पेटीत कोंडून पोलिसांच्या प्रयोगशाळेत बोटांचे ठसे उठवतात. इथे ती खिडक्यांवर बसली. सगळ्या काचा दुधाळ झाल्या. मनोरा तर तिरका होताच.

ॲसिटोनने गम निघाला असता, पण रंगही गेला असता. म्हणून ब्लेडने कण कण खरवडला, दोन्ही बाजूंना 1 मिमीचं भोक पाडून पितळी तारेची खुंटी बसवली, सावकाश सुकणारं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून वापरायचा गम) लावलं आणि मास्किंग टेपने बांधून रात्रभर हात लावला नाही. खिडक्यांना नवी ॲसिटेट शीट (पातळ पारदर्शक प्लास्टिक) कापून लावावी लागली. कड स्वच्छ असेल आणि तुकडा चपखल बसत असेल तर सुपरग्लू उत्तमच आहे, पण थेंब टाचणीच्या टोकाने लावा, काचा आधी काढा आणि खोकं उघडं ठेवा.

प्लास्टिक किटचा सिमेंट रेझिनवर चालत नाही. तो पॉलिस्टायरीन, म्हणजे त्या किटचं प्लास्टिक, विरघळवून जोडतो. रेझिन विरघळतच नाही. फेविकॉलला पाणी मुरायला सच्छिद्र पृष्ठभाग लागतो, तेव्हा तो लाकूड-पुठ्ठ्यासाठी ठेवा.

इपॉक्सीत हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतं, हा समज कुठून पसरला कोण जाणे. प्रमाण चुकलं की सांधा कायमचा चिकट आणि मऊ राहतो. मी वजनदार भागांसाठी पाच मिनिटांचं इपॉक्सी घेतच नाही. ती पाच मिनिटं तुकडा जागेवर बसवायला मिळतात, पूर्ण ताकद यायला कितीतरी तास लागतात, आणि उतावळी माणसं सहाव्या मिनिटाला छप्पर धरून इमारत उचलतात.

भेगेत खायचा सोडा भरून वर सुपरग्लू टाकायची युक्ती रील्समध्ये छान दिसते. क्षणात दगड होतो हे खरं, पण तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक असतो. घासायला गेलात की त्याच्या शेजारची विटांची नक्षीच आधी झिजते. त्यापेक्षा इपॉक्सी पुट्टी भरा आणि ती ओली असतानाच सुईने विटांच्या रेघा ओढा.

नवा, न रंगवलेला किट असेल तर आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातला तेलकट थर राहिला तर कुठलाच गम धरणार नाही. घासताना पाणी लावून घासा आणि मास्क घाला. रेझिनची धूळ छातीत जाऊ देऊ नका.