गाडी चार्ज होत नाही? आधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका

आमची प्लग-इन हायब्रीड (चार्जिंग अन पेट्रोल दोन्हीवर चालणारी) एसयूव्ही घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होते, पण मे लागला अन चार्जरवर लाल लाइट. चार्जर गेला समजून सर्व्हिसवाल्याला फोन लावणारच होतो भाऊ, तेवढ्यात अर्थिंगच्या खड्ड्याकडे पाहिलं तर काळ्या मातीत बोट जाईल एवढ्या भेगा. माती वाळली का अर्थिंग कमजोर होते, चार्जर ते तपासूनच करंट सोडतो. कूलर-पंखे मस्त चालतात म्हणून आपल्याला समजतच नाही.

१) चार्जर काढून ठेवा, खड्ड्यात २-३ बादल्या पाणी हळूहळू जिरू द्या, कूलरचं काढलेलं पाणीबी चालते.
२) अर्ध्या तासानं लावून पाहा. तरी लाल असलं तर वायरमनकडून अर्थिंगचा नटबोल्ट घासून-कसून घ्या, आमचा पार गंजला होता.

पावसाळा लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी टाकतो, तोवर अडलंच तर पेट्रोल आहेच.

फक्त कोणी म्हणलं ना का सॉकेटात न्यूट्रल अन अर्थ जोडून देतो, लाल लाइट जाईल, तर बिलकुल करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो.