पारंपरिक वाणांचे टोमॅटो घरी लावताना या चुका टाळा

संकरित टोमॅटोला जी हेळसांड चालते, ती गावरान टोमॅटोला किंवा ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल यांसारख्या परदेशी पारंपरिक वाणांना चालत नाही. ही वाणे पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने चवीसाठी आणि रंगासाठी जपली गेली असून, संकरित जातींत मुद्दाम आणलेली रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यात बहुधा नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २४ अंशांच्या वर राहू लागले की परागकण निकामी होतात, देठाचा सांधा पिवळा पडतो आणि फूल तिथूनच गळते. अशा वेळी अनेक जण खत वाढवतात, पण जादा नत्राने केवळ पाला माजतो. ब्रँडीवाइनला लावणीपासून पहिले फळ पिकेपर्यंत ८० ते ९० दिवस लागतात; त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारी भागात सप्टेंबरमध्ये बी टाकून ऑक्टोबरमध्ये रोपे लावावीत, म्हणजे फुलोरा थंडीत येतो. जानेवारीत लावलेले रोप ऐन मार्चच्या उन्हात फुलते आणि मग फळ धरत नाही.

फळाचा खालचा भाग काळा, खोलगट आणि चामड्यासारखा झाला तर तो रोग समजून औषध फवारू नये. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे. मातीत कॅल्शियम पुरेसे असूनही, कुंडी एक दिवस कोरडी आणि दुसऱ्या दिवशी चिंब झाली की ते फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु ती इतकी सावकाश कुजतात की चालू हंगामात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. किमान १५ ते २० लिटरची कुंडी, वर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन आणि नियमित पाणी हाच खरा उपाय आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत मात्र कुंडी भरतानाच थोडा शेतीचा चुना मिसळणे हिताचे ठरते.

पानांची लक्षणे नीट ओळखावीत. खालच्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असलेले तपकिरी ठिपके म्हणजे करपा. ती पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्यावे. शेंड्याची पाने लहान राहून वर वळली आणि झाड खुजे झाले, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला बोकड्या हा विषाणूरोग होय. त्यावर औषध नाही. शेजारची झाडे वाचवायची असतील, तर ते झाड उपटावेच लागते. भर दुपारी केवळ खालची पाने गुंडाळली जात असतील आणि वाढ चांगली असेल, तर काळजीचे कारण नाही.

यांतील बहुतेक वाणे वेलासारखी वाढत राहतात, म्हणून भक्कम काठी लावणीच्या वेळीच रोवावी. नंतर रोवल्यास मुळे तुटतात.

बियाण्याच्या बाबतीत, बाजारातील टोमॅटोचे बी पेरून तशाच फळांची अपेक्षा करू नये, कारण तो बहुधा संकरित असतो आणि पुढच्या पिढीत गुण विखुरतात. विकत घेताना पाकिटावर ‘एफ-१’ (संकरित बियाण्याची खूण) लिहिलेले नाही ना, हे पाहावे. घरचे बी धरायचे असेल तर निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्यावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. नंतर बी स्वच्छ धुऊन स्टीलच्या ताटलीत, सावलीत वाळवावे. कागदावर ते चिकटून बसते. पुडीवर वाणाचे नाव आणि वर्ष त्याच दिवशी लिहावे, कारण सर्व वाणांचे बी दिसायला जवळजवळ सारखेच असते.