पुण्यात हॉस्पिस निवडताना काय पाहावे, काय विचारावे

असाध्य आजाराच्या रुग्णाबाबत ‘आता इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा कुटुंबाच्या हातात सहसा एक-दोन दिवसांचाच अवधी असतो आणि त्या घाईत कोणी ओळखीने दिलेल्या पहिल्याच नंबरवर विसंबून रुग्णाला हलवले जाते. शस्त्रक्रियेसाठी सर्जन निवडताना आपण जितकी चौकशी करतो, तितकीच चौकशी या शेवटच्या काळातील सेवेसाठी, म्हणजे हॉस्पिससाठीही केली पाहिजे, असे मला मनापासून वाटते, कारण येथे झालेली हेळसांड भरून काढायला नंतर वेळच उरलेला नसतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना व इतर त्रास कमी करणारे उपचार, मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही घेता येतात. त्यामुळे औषधांना गुण येईनासा झाला की डिस्चार्जची वाट न पाहता चौकशीला लागावे.

पुण्यात ‘पेशंट केअर’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या सेवा मिळतात आणि त्यांची गल्लत सर्वांत महागात पडते. ब्युरो आपल्याला बारा किंवा चोवीस तासांसाठी मावशी, ब्रदर किंवा सिस्टर पाठवतो. अंघोळ, डायपर, भरवणे ही कामे त्या माणसाकडून होतात, पण त्यामागे डॉक्टर नसतो. नर्सिंग केअर सेंटर किंवा अंथरुणाला खिळलेल्यांना घेणारे वृद्धाश्रम राहण्याची व शुश्रूषेची सोय करतात, तेथे डॉक्टर बहुधा ठरावीक दिवशी येऊन जातात. हॉस्पिसमध्ये, मग ते केंद्रात असो वा घरी येणारे पथक असो, वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक किंवा समाजसेवक एकत्रितपणे रुग्णाची जबाबदारी घेतात. म्हणून पहिल्याच फोनवर ‘औषधांचा डोस कोण ठरवते, आणि तो बदलायचा झाला तर किती वेळात बदलला जातो?’ असे विचारावे. उत्तरात नेमक्या डॉक्टरांचा उल्लेख आला नाही, तर आपण ब्युरोशी किंवा वृद्धाश्रमाशी बोलत आहोत असे समजावे. त्या सेवाही उपयोगाच्या आहेत, परंतु वेदना वाढल्यावर त्या पुरेशा पडत नाहीत.

डॉक्टरांच्या पदवीबाबत फार अडून बसू नये. पॅलिएटिव्ह मेडिसिनमधील एम.डी. हा अभ्यासक्रम आपल्या देशात २०१२ च्या सुमारास सुरू झाला असल्याने असे डॉक्टर अजून मोजकेच आहेत. भूलतज्ज्ञ, कर्करोगतज्ज्ञ किंवा फॅमिली डॉक्टर यांनी इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम किंवा एखाद्या जुन्या केंद्रातील प्रशिक्षण पूर्ण केले आहे का, आणि ते हे काम नियमितपणे करतात का, एवढे पाहावे. संस्था कोणते रुग्ण घेते हेही लगेच विचारावे. अनेक ठिकाणी केवळ कर्करोगाच्या रुग्णांना प्रवेश असतो. हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्यांना, स्मृतिभ्रंश झालेल्यांना किंवा घशाला छिद्र पाडून नळी बसवलेल्यांना नकार मिळतो, आणि तो दारात गेल्यावर कळण्यापेक्षा फोनवर कळलेला बरा.

मॉर्फिनचा प्रश्न

ज्या संस्थेला मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक, देता येत नाही, ती इतर सर्व बाबतींत चांगली असली तरी तीव्र वेदना असलेल्या कर्करोगाच्या रुग्णासाठी अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेदनांच्या पायऱ्यांनुसार औषधे देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत १९८६ पासून प्रचलित आहे आणि तीव्र वेदनेच्या पायरीवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे तिचे मुख्य औषध आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक तरतुदींमुळे ते रुग्णालयांतूनही जवळजवळ दिसेनासे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवान्यांची गुंतागुंत कमी झाली आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता मिळालेल्या ठिकाणी मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मात्र ते सहसा मिळत नाही. त्यामुळे विचारायचा प्रश्न असा: ‘तुमच्याकडे ही मान्यता आहे का, आणि मॉर्फिनच्या गोळ्या आज तुमच्या कपाटात आहेत का?’ ज्या संस्थेत हे काम नीट चालते, तेथे कुलूपबंद कपाट असते, प्रत्येक गोळीची नोंद असलेले रजिस्टर असते आणि या प्रश्नाने कोणीही बिचकत नाही.

यापुढची विचारपूस अधिक बारकाईची आहे, पण खरे कसब तेथेच कळते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. म्हणून ती दुखेल तेव्हा न देता घड्याळाप्रमाणे दिली जाते, आणि मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस आधीच लिहून ठेवलेला असतो. मॉर्फिन सुरू असेपर्यंत बद्धकोष्ठ होतोच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सोबत रेचक लिहिलेले असले पाहिजे. केसपेपरवर मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, हे दृश्य मला डॉक्टरांच्या अनुभवाविषयी बरेच काही सांगून जाते. रुग्णाचे मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस किंवा औषध बदलावे लागते; तसे सांगितल्यावर डॉक्टर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागतात का, ते पाहावे. काही ठिकाणी मॉर्फिनऐवजी सर्वांना फेंटॅनिल या वेदनाशामकाचा कातडीवर चिकटवायचा पॅच लावला जातो. गिळता न येणाऱ्या आणि वेदना स्थिर असलेल्या रुग्णाला तो उत्तम असतो, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला बारा तासांहून अधिक वेळ लागू शकतो आणि तो महागही आहे. तासागणिक वेदना कमी-जास्त होणाऱ्या रुग्णावर केवळ पॅचने भागत नाही.

घरातील ज्येष्ठांना मॉर्फिनची भीती वाटते. सवय लागेल, माणूस लवकर जाईल, असे त्यांचे म्हणणे असते. योग्य मात्रेत व हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू लवकर येत नाही, सुरुवातीची गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, हे चांगल्या संस्थेतील डॉक्टर न कंटाळता समजावून सांगतात. ‘आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका’ एवढ्यावर बोळवण होत असेल, तर पुढेही तसेच होईल असे समजायला हरकत नाही. वेदनेची नोंद कशी ठेवतात, हेही पाहून घ्यावे. ती शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर रोज, आणि डोस बदलल्यावर पुन्हा, लिहिली गेली पाहिजे. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, कूस बदलताना अंग आखडणे यांवरून ती ठरवली जाते. कोरा केसपेपर दाखवायला सांगितले, तर त्यात वेदनेसाठी रकाना आहे की नाही ते लगेच कळते.

रात्रीची वेळ

दिवसा बहुतेक सर्व संस्था बऱ्या चालतात. अडचण रात्री येते, धाप लागते, उलटीबरोबर गोळी बाहेर पडते, आणि त्या वेळी फोन कोण उचलते यावर सारे अवलंबून असते. घरी येणाऱ्या पथकाबाबत आपला भाग त्यांच्या हद्दीत येतो का, हे आधी विचारावे; वारज्याहून वाघोलीला किंवा कोथरूडहून हडपसरला संध्याकाळी पोचायला किती वेळ लागतो हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे भेटी आठवड्यातून किती आणि मधल्या काळात फोनवर डॉक्टर मिळतात का, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. दिलेल्या नंबरवर नाव नोंदवण्याआधी एकदा रात्री दहानंतर फोन करून पाहावा, आणि फोन उचलणाऱ्याला रुग्णाची औषधे सांगितल्यावर तो काय करतो ते ऐकावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

चांगले पथक रात्रीची तयारी दिवसाच करून ठेवते. ते घरात लागणाऱ्या औषधांचा छोटा डबा देते, कोणत्या त्रासाला कोणते औषध किती द्यायचे हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देते, आणि पुढे काय काय होऊ शकते ते जवळच्यांना आधीच सांगते. शेवटच्या दिवसांत अनेक रुग्णांच्या घशात घरघर होते. ऐकणाऱ्याला ती सहन होत नाही, आणि कोणी न सांगितल्यामुळे घाबरून लोक रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून आयसीयूकडे धावतात. प्रत्यक्षात कुशीवर वळवणे आणि कातडीखाली दिलेले एखादे इंजेक्शन यांनी बहुतेक वेळा भागते. भूक-तहान मंदावण्याचेही तसेच आहे. जबरदस्तीने भरवलेली पेज श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून त्या वेळी ओठ व तोंड ओले ठेवणे हीच सेवा असते, आणि हे करण्याची पद्धत सिस्टर घरच्यांच्या हाताला धरून शिकवते की नाही, ते पाहावे.

एक प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, तरी तो विचारलाच पाहिजे: ‘घरी, रात्री, मृत्यू झाला तर दाखला कोण देणार?’ मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र हातात नसेल तर अंत्यसंस्काराचा पास मिळवताना पहाटेच्या वेळी फार धावपळ होते. जी संस्था अशा वेळी आपला डॉक्टर पाठवते, किंवा आपल्या फॅमिली डॉक्टरांशी आधी बोलून ठेवते, तिने या कामाचा शेवटपर्यंत विचार केलेला असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. तिचे कागद कोणते, हेही तिने सांगितले पाहिजे.

स्वतः जाऊन पाहणे

केंद्रात भरती करायचे असेल तर एकदा न कळवता, दुपारच्या जेवणानंतर जावे, कारण सकाळच्या राउंडच्या वेळी सगळेच नीटनेटके असते. उपनगरातील एका केंद्रात मी नात्यातील एका आजींना भेटायला गेल्याचे मला आठवते: खाली संगमरवरी लॉबी, फुलांची सजावट, आणि वर आजींच्या टाचेवर चादरीला चिकटलेला, कोणाच्याच लक्षात न आलेला बेडसोअर. तेव्हापासून मी इमारतीकडे पाहतच नाही; रुग्णांच्या टाचा, नखे आणि ओठ पाहतो. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली जाते का, त्याचा तक्ता पलंगापाशी आहे का, एअर बेड नुसता अंथरलेला आहे की त्यात हवा चालू आहे, हे पाच मिनिटांत दिसते. चिघळलेल्या गाठीच्या जखमेला वास येतो, आणि त्या वासामुळे रुग्ण नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड जखमेवर वापरून तो वास बराच कमी करता येतो. वॉर्डात शिरताच तसा वास आला, तर ड्रेसिंगमध्ये हे का केले जात नाही, असे सरळ विचारावे.

रुग्णाशी कर्मचारी कसे बोलतात, त्याच्या समोर त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलतात का, हे कान देऊन ऐकावे. जवळच्या माणसाला रात्री थांबता येते का, घरचा वरणभात आणता येतो का, शेवटच्या वेळी मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालू देतात का, नमाज किंवा प्रार्थनेसाठी जागा आहे का, परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर डॉक्टर वेळ देतात का, हे प्रश्न नियमांच्या पाटीवरून सुटत नाहीत. ते त्याच वॉर्डातल्या एखाद्या नातेवाइकाला व्हरांड्यात गाठून विचारावेत.

‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनंती आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घर करते. या विनंतीपुढे मान तुकवणारी संस्था मला तितकीशी विश्वासार्ह वाटत नाही, आणि ती झिडकारणारीही नाही. अनुभवी समुपदेशक आधी घरच्यांचे ऐकून घेतात, मग रुग्णाला स्वतःला किती माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचे आहे हे हळुवारपणे काढून घेतात. त्याच ओघात अनावश्यक व्हेंटिलेटर किंवा आयसीयू नको असल्यास ते आधी लिहून ठेवण्याविषयीही बोलणे निघाले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. ‘अचानक तब्येत बिघडली तर तुम्ही नक्की काय कराल?’ या प्रश्नाला संस्थेने रुग्णाच्या इच्छेला धरून उत्तर दिले पाहिजे.

पैसे आणि कागद

दर जास्त म्हणजे सेवा चांगली, हा समज येथे लागू पडत नाही. वारज्यात सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देत आहे. जेथे पैसे घेतात, तेथे दिवसाच्या दरात काय येते आणि डायपर, ऑक्सिजन, एअर बेड, डॉक्टरांची जादा भेट, रुग्णवाहिका यांचे वेगळे किती, हे लेखी घ्यावे. रुग्ण लवकर गेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हेही त्याच कागदावर असावे. केंद्राकडे महापालिकेची नर्सिंग होम नोंदणी आहे का, ते विचारावे. २०२१ च्या सुधारित राज्य नियमांनुसार नोंदणीकृत ठिकाणी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. विमा असेल तर घरच्या सेवेचा खर्च मिळतो का, हे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ईमेलवर लिहून घ्यावे.

सेवा सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा एकदा तपासावे: वेदना उतरली का, रात्री सलग झोप लागते का, शौचाला साफ होते का. यांतले काहीच सुधारले नसेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि त्यानंतरही फरक पडला नाही तर संस्था बदलायला कचरू नये. बदलताना चालू औषधांची यादी, प्रत्येक औषधाचा शेवटचा डोस किती वाजता दिला त्याची नोंद, जखमेच्या ड्रेसिंगची पद्धत आणि उरलेल्या गोळ्यांचा हिशेब सहीशिक्क्यासह मागून घ्यावा, म्हणजे नव्या ठिकाणी पहिल्या रात्री मॉर्फिनचा डोस चुकणार नाही.